भुवया बसेपर्यंत पाळावयाची पथ्ये (घरच्यांसह)

पार्लरमध्ये हातात पडणाऱ्या छापील कागदावर भुवईची काळजी कशी घ्यावी हे तपशीलवार लिहिलेलं असतं. घरच्यांची काळजी कशी घ्यावी याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. वास्तविक कातडी दहा-बारा दिवसांत आपसूक भरून येते. सासूबाई, नवरा आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू यांना पूर्ववत व्हायला महिना लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी सदर मार्गदर्शन.

मुहूर्तापासून सुरुवात करावी. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, तिथून मागं मोजत यावं. मायक्रोब्लेडिंग, म्हणजे सुईनं कातडीत बारीक छेद देऊन भुवईत रंग भरणं, एका बैठकीत उरकत नाही. पहिल्या बैठकीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी टच-अप, आणि त्यानंतर रंग बसायला आणखी महिनाभर. म्हणजे टच-अप पितृपक्षात आणि पहिली बैठक आषाढ वद्यात. पितृपक्षात नवं काम काढत नाहीत हे खरं. पण टच-अप हे जुनंच काम असल्यानं शास्त्राची हरकत नसावी, शिवाय त्या पंधरवड्यात पार्लर रिकामं मिळतं. अडचण एकच, आषाढ वद्यात गटारी येते. निदान चोवीस तास आधीपासून दारू वर्ज्य असते, कारण छेदातून रक्त जास्त झिरपलं की भरलेला रंग त्याच्याबरोबर बाहेर येतो. सबब गटारीच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊ नये. नवरा गटारी करणार असेल तर करू द्यावी, भुवया त्याच्या नाहीत. मध्येच अधिक महिना पडला तर सगळं गणित पुन्हा मांडावं.

पूर्वतयारीत लपवाछपवी चालत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, मधुमेह असेल, जखमेचे व्रण फुगून वर येण्याची प्रवृत्ती असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर पार्लरच्या आधी डॉक्टरांची पायरी चढावी. रात्री लावायचं रेटिनॉलचं क्रीम काही आठवडे आधीच बंद करावं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या अकलेनं बंद करू नये. रेखीव भुवया घेऊन आयसीयूत पडल्यास तिथं बघायला येणाऱ्यांना दहा मिनिटंच आत सोडतात. रंगाची पॅच टेस्ट एक-दोन दिवस आधी कानामागे करून घ्यावी. सुईचं पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फुटलं पाहिजे. ते आधीच फुटलेलं दिसलं तर पर्स उचलून घरी यावं. इथं भीड घातक ठरते, कावीळ उगाच होत नाही.

आता खुर्ची. भुलीचं मलम लावण्याआधी आखणी होते. सुतारानं लाकडावर सूत मारावं तसा रंगात बुडवलेला दोरा कपाळावर ताणून रेघा पाडतात, कुठं सुरुवात, कुठं कमान, कुठं शेपूट. जे बोलायचं ते याच वेळी बोलावं. आपला स्वभाव असा की शिंप्याकडे ब्लाउज सैल झाला तरी आपण ‘छान आहे’ म्हणतो आणि घरी येऊन टाके घालतो. इथं घरी येऊन टाके घालता येत नाहीत. आरसा हातात घ्यावा, उठून उजेडात जावं, आणि डावी कमान वर वाटत असेल तर तसं सांगावं. पार्लरवाल्या मॅडम ‘तुमचा चेहराच थोडा तसा आहे’ असं म्हणतील. ते बहुधा खरं असतं. तरीही सांगावं.

पहिल्या दिवशी घरी याल तेव्हा भुवया ठरलेल्या रंगापेक्षा बऱ्याच गडद दिसतील. हे अपेक्षित आहे, पण तुम्हालाच. घरच्यांना आधी सांगून ठेवलं नसेल तर मुलं खो-खो हसतील, नवरा वर्तमानपत्रामागून ‘बरं दिसतंय’ म्हणेल आणि सासूबाई चिंतेच्या सुरात विचारतील, “अगं, हे धुतल्यावर जातं ना?” उत्तर देऊ नये. आजेसासूबाई हयात असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसावं. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण असलेली ती बाई घरात एकटीच अशी, जिला सुई, रंग आणि दुखणं या तिन्हींचं आश्चर्य वाटत नाही. तिचं गोंदण जत्रेत झालं, काजळीचं, म्हणून काळं होतं ते कातडीखाली मुरून हिरवट-निळं दिसायला लागलं. तुमच्या भुवईतल्या तपकिरी रंगात बहुतेकदा लोहाचे ऑक्साइड असतात, ते वर्षा-दोन वर्षांनी तांबूस झाक मारू शकतात. हे तिला सांगू नये. ती म्हणेल, आमचं मरेपर्यंत टिकतं.

पुढचे दहा दिवस स्वयंपाकघर हे संकटक्षेत्र समजावं. वाफ आणि घाम, दोन्ही वर्ज्य. कुकरची शिटी काढताना, भाताचं झाकण उचलताना, फोडणीत मोहरी तडतडताना तोंड लांब. जिम बंद, पोहणं बंद, ऊन बंद, स्कूटरवर भुवईला घासणारा स्कार्फ बंद. पावसात भिजणं कवींनी करावं. एखाद्या घरात यावरून ‘म्हणजे स्वयंपाक मी करायचा का’ असा प्रश्न उपस्थित होतो. होकारार्थी मान हलवावी. मान हलवल्यानं भुवईला काही होत नाही.

पाचव्या दिवसाच्या आसपास खपली धरते आणि खाज सुटते. खपली नखानं काढली तर तिच्याखालचा रंगही निघून येतो आणि तिथं टक्कल पडल्यासारखी फट राहते. हे ज्ञान असूनही हात तिकडेच जातो. त्याहून धोकादायक हात दुसऱ्यांचे. “थांब, तुझ्या भुवईवर काहीतरी लागलंय,” असं म्हणत पदराचं टोक घेऊन पुढं येणारी मावशी हेरून ठेवावी. हळद, खोबरेल, कोरफड, गावाकडून आलेलं तूप यांचे घरगुती प्रस्ताव ऐकून घ्यावेत आणि पार्लरनं दिलेलं मलमच, तेही नखाएवढं, लावावं. सूज, पू किंवा ताप आला तर मावशीला नव्हे, डॉक्टरांना दाखवावं.

मग येतो सर्वात कठीण काळ. खपली पडून जाते आणि खाली जवळजवळ काहीच दिसत नाही. वर आलेली कोवळी कातडी अजून धुरकट असल्यानं आतला रंग झाकला जातो. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा उमटतो. या मधल्या दिवसांत जो नवरा पहिल्या दिवशी ‘बरं दिसतंय’ म्हणाला होता तोच ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणतो. दोन्ही वाक्यं तारखेसह लिहून ठेवावीत, भांडणात उपयोगी पडतात.

ओठांचा रंग करवणाऱ्यांसाठी दोनच सूचना. तापात ओठांवर बारीक पाण्याचे फोड उठण्याची सवय असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगावं, ते गोळ्या देतात. सुईनं त्या फोडांमागचा विषाणू जागा होतो. आणि आठवडाभर मिसळीच्या तर्रीकडे नुसतं बघावं.

एमआरआय काढायची वेळ आली तर तंत्रज्ञाला भुवयांचं सांगावं, रंगातल्या लोहामुळे क्वचित तिथं चटका जाणवतो.

राहिला खर्च. ‘किती पडले?’ हा प्रश्न चुकत नाही. नवऱ्याला एक आकडा सांगावा, सासूबाईंना त्याच्या निम्मा, मैत्रिणीला खरा. तिन्ही कुठंतरी टिपून ठेवावेत. वर्ष-दीड वर्षात रंग फिका पडतो, पुन्हा जावं लागतं, आणि तेव्हा आकडे जुळले पाहिजेत.