टोपणाला जन्मठेप

युरोपीय संघाने २०१९ साली एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर निर्देश काढला आणि बाटलीच्या टोपणाला जन्मठेप झाली. ३ जुलै २०२४ पासून तिथे तीन लिटरपर्यंतच्या पेयाच्या प्लास्टिक बाटलीचे टोपण उघडल्यावरही बाटलीलाच लटकून राहिले पाहिजे. कारण रास्तच आहे. किनाऱ्यांवरच्या प्लास्टिक कचऱ्यात टोपणांचा नंबर बराच वरचा.

किनारे किती स्वच्छ झाले ते कळेल तेव्हा कळेल. पिणाऱ्यांची नाके मात्र ताबडतोब ओली झाली.

टोपणाची बिजागरी म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी. वाकवली की ती मूळ जागी परतू पाहते. मग टोपण धारेत डोके घालते, धार फुटते आणि ग्लासाऐवजी टेबल भिजते. आत अडकलेला थेंब झटक्यासरशी सदऱ्यावर. यावर अभियंत्यांनी तोडगा काढला: टोपण पार मागे वळवायचे, की खाचेत ‘खट्‌’ करून बसते आणि वाटेतून दूर होते. पण तेवढा धीर कोणाला? गिऱ्हाईक अर्ध्यावरच सोडते, अंगावर सांडून घेते आणि ब्रसेल्समधल्या संघाच्या नावाने खडे फोडते.

काचेच्या आणि धातूच्या बाटल्यांना नियमातून सूट आहे. त्यांची प्लास्टिकची टोपणे आजही खुशाल सोफ्याखाली जाऊ शकतात.