विमानाचा कर कसा भरावा : धाराशिवकरांसाठी मार्गदर्शन

जमीन रेल्वेत किंवा रस्त्यात गेली, मावेजा एकरकमी खात्यावर आला आणि दारात बुलेट व स्कॉर्पिओ आधीच उभ्या असल्या, की माणसाला पुढचं वाहन सुचायला वेळ लागत नाही. अशा गृहस्थांनी लहानसं विमान जरूर घ्यावं. अडचण विमान घेण्यात नाही, त्याचा कर कुठे, कुणाला आणि किती द्यायचा यात आहे. त्यासाठी हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम आरटीओकडे जाऊ नये. एमएच 25 ही मालिका विमानाला लागू नाही. विमानाची नोंदणी दिल्लीला, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात होते. त्याचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो आणि पुढे फक्त तीन अक्षरं येतात. ‘दादा’ किंवा ‘बॉस’सारखे आकडे जुळवायची सोय नाही, याची हळहळ वाटेल. पण तीन अक्षरांतही पुष्कळ काही मावतं. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांना वर्षानुवर्षांच्या खेपांनंतर 2017 साली नोंदणी मिळाली ती ‘व्हीटी-एनएमडी’ अशी, म्हणजे तीन आद्याक्षरांत पंतप्रधान आणि मुख्यमंत्री दोघेही बसले. यावरून कुणी ‘आपणही गच्चीवरच बांधू, विकत घेतलं नाही तर विक्रीकर कशाचा?’ असा हिशेब करील. पण इंजिन, पंख्याची पाती आणि अॅल्युमिनियमचे पत्रे फुकट मिळत नाहीत, त्यांच्या बिलात कर आलेलाच असतो.

आता विक्रीकर ऑफिस शोधायला निघू नये. मुंबई विक्रीकर कायदा 1959 चा. तो 1 एप्रिल 2005 ला व्हॅटने घालवला आणि 1 जुलै 2017 ला बहुतेक वस्तूंवरचा व्हॅट जीएसटीत विरघळला. विक्रीकर निरीक्षकाचाही राज्यकर निरीक्षक झाला. अभ्यासिकेत रात्र रात्र बसणाऱ्या पोरांच्या आयांना मात्र हे कळवण्यात अर्थ नाही, त्यांच्या दृष्टीने पोरगा एसटीआयच होणार आहे.

दराचं सांगायचं तर सरकारची नजर समजून घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं तरी जुन्या नावानेच ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी जिवंत विकली, तर जीएसटी शून्य. ट्रॅक्टरला 5 टक्के. फवारणीच्या ड्रोनलाही 5. साडेतीनशे सीसीच्या आतली बुलेट 18 टक्क्यांत बसते. आणि स्वतःच्या वापराचं विमान? 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. त्याआधी 28 टक्के आणि वर 3 टक्के उपकर होता, म्हणजे ज्यांनी मावेजाची वाट बघत विमान लांबणीवर टाकलं, त्यांना फटका बसला. या 40 च्या पंगतीत विमानाच्या मांडीला मांडी लावून कोल्ड्रिंक, रिव्हॉल्व्हर, चैनीची नौका आणि आयपीएलचं तिकीट बसलेलं आहे. गंमत अशी की बिनपायलटचं यंत्र आकाशात गेलं तर 5 टक्के, आणि त्यात हौसेने मालक बसला की 40. सरकारचा आक्षेप उडण्याला दिसत नाही, बसणाऱ्याला आहे.

यातला कळीचा मुद्दा ‘वैयक्तिक वापर’ हा. तेच विमान, तेच इंजिन, तीच चार आसनं. पण ते प्रवासी वाहतुकीला किंवा वैमानिक शिकवायला घेतलं तर दर 5 टक्के. शिवाय भरलेल्या कराचं क्रेडिट अशा धंद्यांना मिळतं. कंपनीच्या नावावर घेऊन मालकच हिंडत असेल तर कायद्याने ते क्रेडिट अडवलेलं आहे. मराठवाड्याच्या माणसाला यावरचा उपाय सांगावा लागत नाही. तो म्हणेल, ‘एक संस्था काढू.’ डीएड कॉलेजं काढून झाली, फार्मसी काढून झाली, आता फ्लाइंग स्कूल. काढावी, परंतु तिला महासंचालनालयाची मान्यता लागते, प्रशिक्षक लागतात, विद्यार्थी लागतात. बारामतीत हे खरोखर चालतं, तिथे एकदा डोकावून यावं. संस्थेच्या विमानातून सासरच्या मंडळींना तुळजापूरचं हवाई दर्शन घडवलं आणि पुढे अधिकाऱ्याने विचारलं, तर ‘सासूबाई प्रशिक्षणार्थी आहेत’ हे उत्तर कागदावर टिकत नाही.

प्रत्यक्ष पैसे भरण्याची रीत फार सोपी आहे. विमान राज्यातल्याच नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतलं तर तो बिलातच कर लावतो. एक कोटीच्या विमानावर 20 लाख केंद्राचे, 20 लाख राज्याचे. तुम्ही फक्त चेक लिहायचा आणि खुर्चीचा हात घट्ट धरायचा. पण लहान विमानं बहुतेक बाहेरून येतात, सेस्ना असो की पायपर. मग कर घेतं कस्टम्स. किंमत, विमा आणि वाहतूक यांची बेरीज करून, तिच्यावर सीमाशुल्क लावून, त्या सगळ्यावर पुन्हा आयजीएसटी. करावरचा कर हा प्रकार इथे कुणीही लपवत नाही. हा आयजीएसटी आधी दिल्लीला जातो, मग हिशेब होऊन राज्याचा वाटा राज्याकडे येतो. विमान उडत उडतच आणू, असा बेत असेल तर परदेशातून थेट धाराशिवच्या धावपट्टीवर उतरता येत नाही, आधी कस्टम्सच्या विमानतळावर हजेरी द्यावी लागते. आपली धावपट्टी 2009 मध्ये लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळ यांच्यासोबत खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली. तेव्हापासून जिल्हा विमानाची वाट बघतो आहे; तुमचं आलं तर निदान बघायला गर्दी होईल.

काटकसरी माणसाने जुनं विमान बघावं. विकणारा हौशी गृहस्थ असेल, विमानांचा व्यापारी नसेल, तर त्या व्यवहाराला सहसा जीएसटी लागत नाही. आणखी एक दिलासा आहे. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या चैनीच्या वस्तू विकताना विक्रेत्याने 1 टक्का आयकर गोळा करायचा असतो. त्या यादीत मनगटी घड्याळ आहे, गॉगल आहे, वल्ह्याची होडी आहे, हेलिकॉप्टरही आहे. विमान नाही. वरातीसाठी हेलिकॉप्टर घेऊ म्हणणाऱ्या चुलत्यांना हे आवर्जून दाखवावं.

एवढं करूनही कुणाला राज्याचा तो जुना, अस्सल विक्रीकरच भरायची हौस असेल, तर मार्ग एकच. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, अजून जीएसटीबाहेर आहे आणि त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, पेट्रोल-डिझेलसारखाच. स्वस्त डिझेलसाठी कर्नाटकातल्या पंपावर टाकी फुल करून येणाऱ्या उमरगेकरांना हा कर समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त साधं पिस्टन इंजिनाचं विमान एटीएफवर चालत नाही, त्याला वेगळं पेट्रोल लागतं. तेव्हा खरेदीच्या वेळीच एटीएफवर चालणारं इंजिन मागून घ्या, डायमंड कंपनीच्या डीए-40 एनजी विमानातल्यासारखं, आणि इंधनाची पावती जपून ठेवा.