बाबागाडीची निवड

जन्मापासून चौथ्या वर्षापर्यंत एकच बाबागाडी पुरेल, असे दुकानदार जेव्हा निःशंकपणे सांगतो, तेव्हा त्या विधानातील काव्य मान्य करूनही सुज्ञ पालकाने एवढे ध्यानात घ्यावे की, मान न सावरणाऱ्या तान्ह्याला जवळजवळ सपाट शय्या लागते आणि दीड वर्षाच्या चिरंजीवांना मुळात बसायचेच नसते. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने १९६५ साली छत्रीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची गाडी योजिली, ती तीन किलोंच्याही आत होती. आजची सर्वगुणसंपन्न गाडी मात्र फिरती बैठक, पाच बंदांचा पट्टा आणि पेला ठेवण्याची खोबण अशा सरंजामानिशी अवतरते, आणि लिफ्ट बंद पडली की तिला तिसऱ्या मजल्यावर रुजू करण्याची कामगिरी बिनतक्रार पित्याकडे येते.

बरे, ती चालवायची कोठे? पुण्याच्या पदपथावर विजेची पेटी, दुचाक्या आणि भेळवाला यांची वहिवाट इतकी कायम की, नव्या अर्जदाराला तेथे दाद मिळणे नाही. परिणामी बाळराजे आजीच्या कडेवर आणि गाडीत मेथीच्या जुड्या, असा स्वारीचा थाट असतो. त्यातही दांड्याला कांद्यांची पिशवी टांगलेली असली, तर मूल उचलताक्षणीच गाडी मागे उलथते.

तरीही घ्यायचीच असेल, तर दुकानातच ती स्वतः एका हाताने मिटवून पाहावी. दुसऱ्या हातात मूल असते.