मोडीतले गानगृह

नादाला ब्रह्म म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी त्या ब्रह्माच्या पलीकडच्या अंगाला शेजाऱ्याचे शयनगृह असू शकते, या शक्यतेचा विचार कोठे केलेला दिसत नाही. ऋषिमुनींचे आश्रम परस्परांपासून पुष्कळ अंतरावर असत, हे त्याचे कारण असावे. आमच्या घराच्या आणि नानासाहेबांच्या घराच्या मध्ये मात्र एक मेंदीचे कुंपण तेवढे आहे, आणि पहाटे साडेपाचला पेटीवर लावलेला माझा खर्ज ते कुंपण अत्यंत सहजतेने ओलांडतो.

नानासाहेब महसूल खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म सातबाराच्या उताऱ्यांवर बोट ठेवण्यात गेल्यामुळे कोणत्या वस्तूची हद्द कोठे संपते हे पाहण्याची त्यांना जी खोड जडली आहे, तिच्या ओघात माझ्या षड्जाची हद्द माझ्या कुंपणापाशी संपत नाही, ही गोष्ट त्यांनी रीतसर तक्रारअर्ज लिहून माझ्या नजरेस आणली. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा असून तिचे अर्जदाराच्या उशाशी नित्य उल्लंघन होते, हे त्यातील पहिले कलम; आणि आकाशवाणीने १९४० साली पेटीला केलेली मनाई पुढे तीसएक वर्षांनी सैल करण्यात आली ती करावयास नको होती, हे दुसरे. दुसऱ्या कलमाची जबाबदारी माझ्याकडे कशी येते ते मला कळले नाही. पण मुख्य फिर्याद एकटी पुढे पाठवू नये, असा त्या खात्याचा प्रघात असावा.

परसात विहिरीच्या बाजूला एक स्वतंत्र खोली बांधून संगीताला तेथे स्थानबद्ध करावे, असे ठरले. या विषयावरील ग्रंथ चाळता असे दिसून आले की, ध्वनीपुढे मान्यता, वय, वशिला यांपैकी काहीही चालत नाही. चालते ते केवळ वजन. भिंतीचे वजन दुप्पट केले की तिच्यातून पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि आणखी ६ उतरवायचे असतील तर ते दुप्पट झालेले वजन पुन्हा दुप्पट करावे लागते. हा दर ऐकून एखाद्या सावकारानेही कानाला हात लावला असता. नव्या विटा आणि नवे लाकूड घेऊन तो भागवायचा म्हणजे खोली बांधण्यासाठी घर विकण्याचा प्रसंग होता.

सुदैवाने पुण्याच्या पेठांतून जुने वाडे पाडण्याचे कार्य अखंड चालू आहे. वाडा पाडणारा ठेकेदार सागवान घनफुटावर विकतो, आणि एकेका तुळईची किंमत सांगताना तिच्याखाली जणू प्रत्यक्ष पेशवे बसत असत असा भाव चेहऱ्यावर आणतो; परंतु त्याच वाड्याच्या विटा, पांढरी माती आणि रोडा यांची त्याला शिसारी असते, कारण तो वाहून नेण्याचा खर्च त्याच्याच बोकांडी बसतो. म्हणजे जगाला जे हवे ते तो विकीत होता, आणि ध्वनिशास्त्राला जे हवे ते फुकट देऊन वर माझे आभार मानीत होता. एका कोसळत्या वाड्याचा कडीपाट मला असाच मिळाला. सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर वीतभर माती, अशी ही जुनी रचना. तिच्या वजनाकडे पाहता, माळ्यावर चाललेले सासूसुनांचे संभाषण खाली सदरेवर पोचू नये, हाच त्या कारागिरांचा मूळ हेतू असावा, असा माझा तर्क आहे. पावसासाठी वर मंगळुरी कौले घातली. कौले पाऊस अडवितात. आवाजाला मात्र त्यांच्या प्रत्येक सांध्यातून मुक्तद्वार असते.

उरलेल्या जिनसा बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून आल्या, आणि त्याहून अधिक आप्तेष्टांकडून. आपण भंगारातून काही बांधीत आहोत ही वार्ता एकदा फुटली की नातेवाइकांच्या औदार्याला सीमा राहत नाही. ज्या भाच्याने मला दिवाळीला कधी साधे उटणे दिले नाही, तो अंड्यांचे रिकामे पुठ्ठे हातगाडी भरून घेऊन आला आणि ‘मामा, हे भिंतीला चिकटवा, आवाज बाहेर जाणार नाही’ असे म्हणाला. त्या पुठ्ठ्यांनी वरच्या पट्टीतील थोडासा गोंगाट आतल्या आत कमी होत असेल. पण आवाज अडविण्याला लागते वजन, आणि भाच्याच्या सल्ल्याप्रमाणेच त्या पुठ्ठ्यांतही ते नव्हते. ते आता परसात रोपे लावण्याच्या कामी येत आहेत.

बांधकामावरील मिस्त्रींचा मात्र मला स्वतंत्र अध्याय लिहावा लागेल. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असली की खोलीचे तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच स्वरावर येऊन बसतात, आणि समोरासमोरच्या समांतर भिंती टाळीचा चेंडू एकमेकींकडे फेकीत राहतात. म्हणून एक भिंत जरा तिरकी घ्यावी, अशी मी त्यांना विनंती केली. मिस्त्री क्षणभर स्तब्ध झाले. ‘मालक, गुण्याबाहेर भिंत घेतली तर गावात तोंड दाखवता येईल का मला?’ असे त्यांनी विचारले. या सद्गृहस्थांनी पूर्वी बांधलेली आमची स्वयंपाकघराची भिंत कोणत्याही दोन टोकांना ओळंब्यात नाही, तिच्यावर लावलेली फळी आजही डबे एका कोपऱ्यात गोळा करते. पण वाकडी बांधा म्हणून सांगितल्यावर त्यांनी आयुष्यातील पहिली निर्दोष सरळ भिंत उभी केली. शेवटी तिच्यासमोर जुन्या कपाटांच्या दारांची एक तिरपी आडभिंत उभारून आणि मागच्या पोकळीत गोणपाट भरून मी शास्त्राचे समाधान केले.

आतील घुमारा कमी करण्याच्या कामी आमच्या घरातील कापसाच्या जुन्या गाद्या आणि गोधड्या वर्ग झाल्या. हार्वर्डमध्ये १८९५ साली सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एका व्याख्यानगृहाची तक्रार आली, कारण तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. तेव्हा त्याने शेजारच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणून, मोजमाप करून, सकाळपूर्वी परत नेण्याचा क्रम चालविला, आणि आपल्या अंगावरील वस्त्रेही आवाज शोषतात हे ध्यानी येताच प्रयोगासाठी तोच एक पोशाख कायम केला. हा इतिहास मी कुटुंबाला सांगितला. ‘त्यांनी गाद्या परत तरी नेऊन ठेवल्या,’ एवढाच अभिप्राय मिळाला.

दरवाजा बंद पडलेल्या एका बर्फाच्या कारखान्यातला आहे. भिंतीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी फट राहिली, तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी २० डेसिबलच्या पुढे तिचा रोख लागत नाही. म्हणून चौकटीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबा ताणून बसविल्या. आता आत वारा शिरेना, तेव्हा गोधड्यांनी मढविलेला एक लाकडी नळ केला, ज्यातून हवा कचेरीतील अर्जाप्रमाणे वळसे घेत उशिरा का होईना पण पोचते, आणि आवाज वाटेतच निकाली निघतो.

खोली उत्तम साधली. परंतु भिंत ही निःपक्षपाती वस्तू आहे; आतून बाहेर जाणाऱ्याला ती जितकी अडविते, तितकीच बाहेरून आत येणाऱ्याला. गणेशोत्सवात चौकात ध्वनिक्षेपकांची तटबंदी उभी राहिली आणि घरोघरी मांडणीवरील पेले नाचू लागले, तेव्हा नानासाहेब उशी आणि पाण्याचा तांब्या घेऊन परसाच्या दाराशी आले. ‘जरा टेकू का हो आत?’ असे त्यांनी विचारले, आणि ते अनंतचतुर्दशीपर्यंत टेकले. पुढे नवरात्र आले, लग्नसराई आली, कोपऱ्यावर कूपनलिका खणण्याचे यंत्र आले; आणि दुपारची झोप म्हणजे ती खोली, असे समीकरण त्यांच्या प्रकृतीने मान्य करून टाकले.

मी हल्ली माजघरातच गातो. फिर्यादी बर्फाच्या कारखान्याच्या दाराआड निजलेला असल्यामुळे त्याला माझा एकही स्वर ऐकू जात नाही, आणि ज्या हेतूने खोली बांधली तो अक्षरशः सफल झाला आहे. काळजी एकच आहे. नानासाहेब आपल्या मुक्कामाच्या तारखा एका वहीत टिपून ठेवतात, असे कुटुंबाने पाहिले आहे, आणि सलग बारा वर्षांच्या निर्वेध कब्जाला कायद्यात काय किंमत असते, हे महसूल खात्यातील माणसाला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून आठवड्यातून एखाद्या दुपारी मी हलकेच दार उघडून आत जातो, ते चांगले घोरू लागले आहेत याची खातरजमा करून घेतो, आणि तार षड्जावरून एक दीर्घ तान घेऊन त्यांचा कब्जा खंडित करतो.