फेज टूमधले सर

हिंजवडीतल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत शिरा, मजल्यागणिक एक डिलिव्हरी मॅनेजर हमखास भेटतो. गळ्यात आयकार्ड, हातावर उघडाच लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर एका कॉलवरून सुटून दुसऱ्यात अडकायला निघाल्याची लगबग. सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची, असं कंपनीचं धोरण. याला मात्र सगळे ‘सर’च म्हणतात आणि तोही कुणाला धोरणाची आठवण करून देत नाही.

एकेकाळी हा प्रोग्रामर होता, आणि चांगला होता म्हणे. वायटूकेच्या धामधुमीत रात्र रात्र कोबोल दुरुस्त केल्याच्या कथा तो अजून ऐकवतो. त्या ऐकवताना तेवढा माणसासारखा दिसतो. पण चाळिशीतही कोड लिहिणाऱ्याची आपल्याकडे मावशी-आत्यांना काळजी वाटते. ‘अजून मॅनेजर नाही झाला?’ त्यामुळे जे येत होतं ते याच्याकडून काढून घेतलं आणि जे येत नव्हतं त्यात बढती दिली. यात त्याचा दोष थोडा, आपल्या सगळ्यांचा बराच.

2001 साली अमेरिकेत युटामधल्या एका स्की रिसॉर्टवर 17 जण जमले आणि कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, असा अजाइलचा जाहीरनामा त्यांनी लिहिला. त्या बिचाऱ्यांना आमचा स्टँड-अप दाखवायला हवा. नियमानं 15 मिनिटांचा, उभ्यानं करायचा; आमचा पाऊण तास चालतो, खुर्च्या ओढून. शेवटी सर ‘हे ऑफलाइन बोलू’ म्हणतात आणि त्यासाठी दुपारची मीटिंग पडते.

अंदाजपत्रकात तर त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही.

“किती दिवस लागतील?”

“आठ, सर.”

“पाच धरू या.”

संध्याकाळी क्लायंटला ते तीन सांगतात. मधला फरक शनिवार-रविवार आणि कंपनीच्या खर्चानं आलेला पिझ्झा मिळून भरून काढतात. वर जाणाऱ्या एक्सेलमध्ये मात्र सगळं हिरवंगार. अशा प्रोजेक्टला या धंद्यात कलिंगड म्हणतात: सालीला हिरवं, आत लालभडक.

अप्रेझलला त्यांचा आवाज मऊ होतो. “तुझं काम उत्तमच आहे रे, पण बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली बसवावं लागतं.” मायक्रोसॉफ्टनं अशी उतरंड 2013मध्येच मोडीत काढली, असं एकीनं धीर करून सुनावलं. “त्यांचं वेगळं असतं,” सर म्हणाले. बाकी सगळ्या बाबतीत त्यांच्यासारखंच व्हायचं असतं.

खरं प्रेम उतू जातं ते राजीनाम्याच्या दिवशी. ज्यांनी तीन वर्षांत चहा विचारला नाही, ते स्वतः कॉफी घेऊन येतात. पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे, असं समजावतात आणि त्याच दमात पगार वाढवून द्यायची तयारी दाखवतात. तो वाढवण्याइतके पैसे कंपनीकडे होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. पोरगा बधला नाही, तर 90 दिवसांचा नोटीस पीरियड सुरू. त्यात नॉलेज ट्रान्स्फर, म्हणजे त्याचं सगळं काम शेजारच्याच्या डोक्यावर.

शेवटच्या दिवशी केक कापला जातो, सर भाषणात प्रोजेक्टचं नाव चुकवतात, फोटो निघतो. मग लिफ्टपाशी ते पोराला बाजूला घेतात.

“तिकडे टीम सांभाळायला सीनियर कुणी हवाय का, बघ जरा. आणि मेल नको करूस हं, व्हॉट्सॲप कर.”