मार्जारकृत अर्ज निकालात काढण्याची रीत

पदरमोड करून आणलेली, सुगंधी मातीने भरलेली व झाकणासहित अशी लिटरची पेटी जागेवर हजर असताना, तिच्याकडे पाठ फिरवून ज्या घरच्या मांजराने सासूबाईंच्या गोधडीवर लघुशंका उरकली असेल, त्या घरच्या गृहस्थाच्या मनात पहिला विचार येतो तो शासनाचा. आणि या विषयातील पहिला नियम असा की, तो विचार कृतीत उतरण्यापूर्वी गृहस्थाने पेलाभर पाणी पिऊन स्वस्थ बसावे. कारण ज्या कृत्यास तो गुन्हा समजत आहे, ते वस्तुतः गुन्हा नसून अर्ज आहे. अर्जदारास लेखनवाचन अवगत नाही, मुद्रांकाचा कागद त्याला मिळत नाही, आणि आजवर त्याने केलेल्या सर्व तोंडी विनंत्या घरच्या मंडळींनी भुकेच्या खाती जमा करून टाकलेल्या आहेत. तेव्हा हाती असलेल्या एकमेव शाईने आणि सर्वांच्या नजरेस खात्रीने पडेल अशाच जागी त्याने आपले म्हणणे नोंदविले, तर त्याला कसूरदार कसे ठरवावे? नाक त्या जागी घासणे, वर्तमानपत्राची सुरळी उगारणे आणि “पुन्हा करशील?” असे दरडावून विचारणे, हे तिन्ही प्रघात जुने असले तरी व्यर्थ होत. त्यांपासून मांजर इतकाच बोध घेते की, या माणसाच्या देखत हा विधी करणे धोक्याचे आहे. आणि पुढील अर्ज कपाटामागे दाखल होतो, जेथे तो महिनाभर कोणाच्या हाती लागत नाही.

अर्जाची पहिली छाननी पशुवैद्याकडे व्हावी. येथे थट्टा क्षणभर बाजूस ठेवतो. बोका पेटीत पुनःपुन्हा जाऊन बसत असेल, कुंथत वा ओरडत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग अडला आहे असे समजून रात्र असली तरी त्याच पावली निघावे. ही अडचण एकदोन दिवसांत प्राण घेऊ शकते. मूत्राशयाचा दाह, खडे, मधुमेह, वृद्धपणी मूत्रपिंडांचा क्षय यांपैकी काहीही या अर्जामागे असू शकते. पेटीत बसले की वेदना होते, असा अनुभव आलेले मांजर दोष पेटीला देते आणि मोरीतील गार फरशी किंवा मऊ अंथरूण जवळ करते. आणि सांधे धरलेल्या म्हाताऱ्या मांजरास पेटीची उंच कड म्हणजे गडाची तटबंदी वाटते.

वैद्याने प्रकृती निर्दोष ठरविली, म्हणजे पंचनामा करावा. आडव्या पृष्ठभागावर मोठे थारोळे असेल, तर तक्रार पेटीविषयी आहे. उभ्या भिंतीवर, पडद्यावर किंवा पाहुण्यांच्या बॅगेवर, शेपूट ताठ उभारून व थरथरवून थोडकीच फवारणी झाली असेल, तर तो अर्ज नसून सरहद्दीचा जाहीरनामा आहे, आणि तो बहुधा खच्चीकरण न झालेल्या बोक्याचा असतो. खच्चीकरणानंतर दहांपैकी सुमारे नऊ बोके हा उद्योग सोडतात किंवा पुष्कळ कमी करतात. (भाट्याही क्वचित असले जाहीरनामे काढतात, या बाबतीत केवळ पुरुषजातीस बदनाम करू नये.) खिडकीबाहेर परका बोका रोज गस्त घालीत असेल, तर खिडकीचा खालचा भाग झाकावा, म्हणजे उभय पक्षांतील पत्रव्यवहार बंद पडतो.

आता मुख्य वाद, म्हणजे पेटी. 1947 साली अमेरिकेतील मिशिगन प्रांतात एडवर्ड लो नामक तरुणाने, मांजरासाठी वाळू मागावयास आलेल्या शेजारणीला, आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात त्या जातीची शोषक माती दिली, आणि त्यातून पुढे एक प्रचंड व्यापार उभा राहिला. त्यापूर्वी मांजरे राखेवर व वाळूवर समाधानी होती. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या व पश्चिम आशियाच्या रखरखीत मुलखातले; रवाळ, उकरता येईल अशी जमीन ही त्यांची पिढीजात वहिवाट आहे, आणि त्या वहिवाटीत गुलाबाच्या किंवा लव्हेंडरच्या अत्तराचा उल्लेख कोठेही आढळत नाही. अत्तर माणसाच्या नाकासाठी घातलेले असते, झाकण माणसाच्या डोळ्यासाठी. अर्जदारास मात्र झाकणाखाली कोंडलेला दर्प सोसावा लागतो, आणि बाहेर दुसरे मांजर दबा धरून बसले असल्यास पळावयास वाटही राहत नाही. म्हणून झाकण काढावे, बिनवासाची बारीक माती दोनतीन इंच पसरावी, घाण रोज उचलावी, आणि पेटीची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट ठेवावी. ती धुण्याच्या यंत्राशेजारी किंवा जेवणाच्या बशीशेजारी मांडू नये. तसल्या जागी आपणही बसलो नसतो.

पेट्यांच्या संख्येविषयी शास्त्राचा दंडक असा की, जितकी मांजरे तितक्या पेट्या, अधिक एक. तीन मांजरांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार पेट्या मांडल्यावर माणसांनी कोठे राहावे, याविषयी शास्त्र मौन पाळते. चारही पेट्या एका ओळीत ठेवून दंडकास बगल देण्याचा मोह होईल. परंतु मांजरांच्या हिशेबी ती एकच पेटी धरली जाते.

जुने अर्ज दप्तरातून समूळ नष्ट करणे हे काम सर्वांत बिकट आहे, कारण जेथे पूर्वीचा वास आहे तेथे वहिवाट सिद्ध होते. मूत्रातील युरिक आम्ल पाण्याने विरघळून जात नाही. उन्हाळ्यात विसरलेली जागा आषाढातल्या दमट हवेत आपण होऊन साक्ष द्यावयास उभी राहते. फिनेल वापरू नये. त्याच्या जातीची द्रव्ये मांजराला विषारी आहेत. अमोनियायुक्त औषधे मूत्राचीच आठवण करून देतात. घरातील वडीलधाऱ्यांकडून गोमूत्र शिंपडण्याची सूचना येईल. तिचा आदर राखून ती टाळावी, कारण या जागेवर दुसऱ्या कोणीतरी दावा दाखल केला आहे असा अर्थ करून अर्जदार लागलीच प्रतिदावा ठोकील. विकरयुक्त द्रावण भरपूर ओतून ते आपोआप वाळू द्यावे. डाग सापडत नसल्यास नोटा पारखण्याचा अतिनील दिवा दुकानदाराकडून मागून आणावा आणि रात्री अंधार करून घर पाहावे. हे काम एकट्याने करावे. त्या प्रकाशात स्वतःचा दिवाणखाना पाहून धीर खचलेले गृहस्थ आहेत.

इतके करूनही अर्जदार एकाच जागेवर अडून बसला, तर ती जागा त्याला सनदेने देऊन पेटी तेथेच मांडावी, मग ती दिवाणखान्याच्या मधोमध का असेना. तेथे त्याची सवय पक्की झाली, म्हणजे पेटी रोज दोन इंच या गतीने इष्ट स्थळाकडे सरकवीत न्यावी; घाई केल्यास सर्व कारवाई पुन्हा मुळापासून सुरू होते. सज्जा वीस फुटांवर असेल तर दिवाळीत निघालेली पेटी शिमग्याच्या सुमारास मुक्कामी पोहोचते. संक्रांतीच्या हळदीकुंकवास ती नेमकी दिवाणखान्याच्या दारात असणार, हे पंचांग पाहून आधीच ध्यानी घ्यावे आणि बायकांना स्वयंपाकघराच्या दाराने आत बोलवावे.