समुद्रस्नानाची पूर्वतयारी, मुक्काम दारव्हा

दारव्ह्याच्या कापसाने समुद्र आमच्या कितीतरी आधी पाहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर नॅरोगेज टाकली ती माणसांची हौस म्हणून नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. गाठी आमच्या मोतीबाग स्टेशनात चढायच्या, मूर्तिजापूरला गाडी बदलायच्या आणि मुंबई बंदरातून विलायतेला जायच्या. उलट वाटेने, समुद्र ओलांडून, 1921 साली मँचेस्टरात घडवलेलं वाफेचं इंजिन आलं आणि 1994 पर्यंत या गाडीला, म्हणजे आमच्या शकुंतलेला, ओढत राहिलं. कापूस गेला, इंजिन आलं, गिरणीचं कापडही आलं. दारव्ह्याचा माणूस तेवढा फलाटावर राहिला. आता तर शकुंतलाही बंद आहे.

हा ऐतिहासिक अन्याय दूर करण्याचं आमच्या घराने यंदा मनावर घेतलं. पोट्ट्यांना समुद्र दाखवायचा. ठिकाण अलिबाग, मुदत एक दिवस, तयारी बेमुदत.

तयारीचं खातं वहिनींकडे आलं. म्हणजे कुणी दिलं नाही, घरातल्या इतर खात्यांसारखं ते आपोआपच त्यांच्याकडे गेलं. पुरुषांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, त्याला ‘चलो अलिबाग’ नाव दिलं, लाटेचं चित्र लावलं आणि आपला वाटा उचलल्याच्या समाधानाने चहा मागवला. वहिनींनी वही काढली. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा, आलुबोंडे (पहिल्या दिवसापुरते), प्रत्येक पोट्ट्यामागे कपड्यांचे तीन जोड, वाळत घालायला नायलॉनची दोरी, दोरीला चिमटे. समुद्रावर दोरी बांधायला खांब कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही. वहीतल्या नोंदीला आमच्याकडे आव्हान नसतं.

मग सनस्क्रीन. इथे मला थांबावंच लागतं. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा हीच पोट्टी भर दुपारी क्रिकेट खेळतात. संरक्षण म्हणून डोक्याला दुपट्टा आणि खिशात एक कांदा, लू लागू नये म्हणून. कांदा घामाने शिजतो, पण पोट्टं आऊट होत नाही. तेच पोट्टं अलिबागच्या तेहतीस-चौतीस अंशांत जाणार म्हटल्यावर त्याला एसपीएफ 50 लागतं, बाह्या मनगटापर्यंत असलेला पोहण्याचा पोशाख लागतो, गॉगल लागतो. पाणी आणि रेती ऊन परत फेकतात, त्यामुळे पोरांची कातडी तिथे खरंच भाजते, हे मला मान्य आहे. पण मग दारव्ह्याचं ऊन काय कातडी पाहून पडतं? इथल्या उन्हाला कुणी पर्यटनाचा दर्जा दिला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आजोबांनी एकच चौकशी केली. “तिथं कूलर असते का?” खोलीवाल्याला फोन करून कुणीतरी विचारलंही. दमट हवेत कूलरने गारवा येत नाही, नुसती ओल वाढते, असं तो बिचारा समजावत होता. वाळ्याच्या ताट्यांवर ज्यांचे उन्हाळे निघाले त्यांना हे पटणं अवघड. आजोबांनी निकाल दिला, “अशा गावाले कायले जाता?”

घरात समुद्राचे एकमेव जाणकार नानाकाका. लग्नाआधी ते एका संध्याकाळी दादर चौपाटीवर उभे राहिले होते, त्यावर त्यांची विद्वत्ता उभी आहे. त्यांचा मूळ प्रवासालाच आक्षेप. “खारं पानीच पाह्यचं हाय तं मूर्तिजापूरले उतरा ना! पुढं जायाची गरजच काय?” हा आक्षेप वाटतो तितका वेडगळ नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी पिववत नाही आणि पिकालाही मानवत नाही. वर आपल्याकडे लोणार आहे, खारं पाणी आणि तेही थेट उल्कापाताने झालेलं. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा जगभर बातमी गेली. समुद्राने अजून रंग बदलून दाखवलेला नाही.

मात्र नानाकाकांचा जीव खरा अडकला तो रेतीत. मोबाईलवर अलिबागच्या किनाऱ्याचं चित्र पाहून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घाटाचा लिलाव झाला नाही वाट्टे यायचा.” त्यांच्या अर्धवट बांधकामापुढे एक ब्रास रेती टाकून घ्यायला त्यांनी जेवढे उंबरठे झिजवले, तेवढ्यात चार धाम झाले असते. आणि इथे मैलभर रेती फुकट, वर पोट्टे तिचे किल्ले बांधून मोडतात! समुद्राच्या रेतीतल्या मिठाने सळ्या गंजतात, ती बांधकामाला चालत नाही, असं त्यांना सांगितलं, पण त्यांचा चेहरा सांगत होता की हा कंत्राटदारांचा अपप्रचार आहे. किल्ल्यासाठी वहिनींनी ऑनलाइन बादली-फावड्याचा संच मागवला. त्याच्या किमतीत आमच्याकडे खरं फावडं येतं, दांड्यासकट.

पोहण्याबाबत सारे निर्धास्त होते. थोरल्याला शेतातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलेलं, त्यामुळे तो ‘तयार’ गणला गेला. विहीर कितीही खोल असो, ती माणसाला ओढून दुसऱ्या गावाला नेत नाही. लाट पाठीमागून येते, गुडघाभर पाण्यात मोठ्या माणसाला आडवं करते आणि परतताना पायाखालची रेती घेऊन जाते. धाकटीच्या दंडांसाठी हवा भरायचे फुगे आणलेत, ते डबक्यात शोभतात. शिवाय बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही, ते गुपचूप बुडतं. वहीची सगळी पानं उलटून झाल्यावर आजी म्हणाली, “पोट्ट्यायवर नजर कोन ठेवन?” सगळे एका सुरात म्हणाले, “आम्ही सारेच!” ही बारभाईची शेती आजीला पुरती ठाऊक आहे. तिने वही मागून घेतली आणि चिमट्यांच्या खाली वडिलांचं, म्हणजे पोट्ट्यांच्या बापाचं, नाव लिहायला लावलं. पुढे कंसात: मोबाईल वहिनीजवळ. ग्रुपवर यावर कुणाचीही प्रतिक्रिया आली नाही.

राहिली तारीख. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात. म्हणजे जूनमध्ये आमच्याजवळ एक सबंध आठवडा शिल्लक, जेव्हा पुण्या-मुंबईची पोरं वर्गात बसलेली असतात. किनाऱ्यावर गर्दी नाही, खोल्या स्वस्त. फक्त त्या आठवड्यात पावसाळ्यामुळे गेटवे ते मांडवा बोट बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि मासेमारीलाही 1 जूनपासून बंदी असते. सरकारने आम्हाला सुट्टी दिली ती समुद्राला सुट्टी लागल्यावर. मग उरला मे, आणि मे महिन्यात दारव्ह्यातल्या माणसाला लग्नांतून सवड काढायची म्हणजे स्वतःचंच लग्न नसावं लागतं.

आजीने कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं. कोकणातल्या एका बदली मास्तरीणबाईंकडून तिने फार पूर्वी एक हिशेब शिकून ठेवलाय: तिथीची पाऊणपट करायची, साधारण त्या वाजता भरती. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराला. मोबाईलवरचं वेळापत्रक काढून पाहिलं, फारसा फरक नव्हता. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसून भरती सांगणारी बाई दारव्ह्यात आहे, हे अलिबागला कळवायला हवं. तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर पूर्ण ओहोटी हवी, जेवणानंतरची असली तर बरी. एकादशी नेमकी बसत होती, ओहोटी अडीचच्या आसपास. पण एकादशी म्हणजे आजी-आजोबांचा आणि वहिनींचा उपास, आणि वहीत साबुदाण्याचं नाव नाही. वहिनींनी नवी यादी करायला साफ नकार दिला. समुद्राने हवं तर आपली वेळ बदलावी.

अखेर द्वादशी ठरली. मूर्तिजापूरहून रात्रीच्या गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठच्या ठोक्याला घरातले चार मोबाईल एकदम चालले आणि चौघांनी मिळून नेटची रेंज संपवली. तरी सगळ्यांची तिकिटं पक्की झाली, एक सोडून. ते वेटिंगवर आहे. वहिनींनी वही पुन्हा तपासली. पुऱ्या, दोरी, चिमटे, फुगे, फावडं सगळं निळ्या शाईत आहे. नानाकाकांचं नाव तेवढं पेन्सिलीने.